चुकलेल्या रविवारची गोधडी

शिलोह, अलाबामा
सोमवार, १८ मार्च १९५७

नणंदबाई आर्लीथा,

तुझ्या थोरल्या भावाची विधवा अजून जिवंत आहे. कोंबड्याही जिवंत आहेत, एक सोडून. त्या एकीचीच गोष्ट सांगायला बसले आहे.

आधी खरं सांग, रेव्हरंड गॅडिसशी तू भांडलीस का? का तुझी मक्याची भाकरी खाऊन त्यांचा उरलेला दात पडला? काल तिसरा रविवार होता, म्हणजे तुमचा बेथेलचा. पाळक एकच, महिन्याचा पहिला रविवार आमचा, तिसरा तुमचा, हे पाळण्यातल्या पोरालाही पाठ आहे. आणि काल सकाळी मी डोक्याला फडकं गुंडाळून राख टाकायला बाहेर येते, तर समोर चर्चच्या पायरीवर काळा कोट, काळी हॅट, काखेत बायबल!

"भगिनी ओझेला," म्हणतात कसे, "दार अजून बंद? मंडळी झोपली की काय?"

"तुम्ही बसा रेव्हरंड, मी उठवते," म्हटलं, आणि तशीच धावले नि घंटेचा दोर ओढला.

इथंच माझी अक्कल चरायला गेली होती बघ. पाळक नसलेल्या रविवारी आपल्याकडे घंटा कशाला वाजते? कोणी गेलं तरच ना! सगळं शिलोह पळत आलं. शेजारचा रूफस आला तो अर्धी दाढी केलेला, अर्ध्या गालावर साबण. तिघी बायका रडतच आल्या, मेलंय कोण ते ठाऊक नसताना. "कोण गेलं? अगं कोण गेलं?" आणि आमच्या मंडळीचा कारभारी, डीकन पर्सेल, फावडं खांद्यावर घेऊनच हजर. मला बाजूला घेऊन विचारतो, "भगिनी, प्रेत कुठंय?"

मी म्हटलं, "व्यासपीठावर उभं आहे. गीत सुरू करा म्हणतंय."

मग काय, बसले सगळे. याकोब दगड उशाला घेऊन झोपला, त्यावर उपदेश झाला. आणि झाला बाई असा, की साबण लावलेला गालही भिजला. त्या तिघी शेवटपर्यंत रडल्या. एवढं रडू बरोबर आणलेलं, परत कशाला न्यायचं?

घरात जेवायला काही नव्हतं, म्हणून ती लाल कोंबडी गेली. रेव्हरंडांनी छातीचा तुकडा घेतला, पालेभाजी दोनदा मागितली. आता तूच सांग, माझ्या हातच्या चवीसाठी त्यांनी तुझा रविवार सोडला, हे तुला सोसेल ना? सोसत नसेल तर ओढ्यात पाय बुडवून बस.

तुझी
ओझेला


बेथेल
२५ मार्च १९५७

वहिनी,

तुझं पत्र घरात मोठ्यानं वाचता येत नाही, हे मी तुला आमचा एनॉकदादा जिवंत होता तेव्हापासून सांगते आहे.

रेव्हरंडांशी माझं काही भांडण नाही. वाटेतल्या ओढ्याला पाणी चढलं होतं म्हणून मीच त्यांना निरोप धाडला, या खेपेला येऊ नका. म्हणून ते तुमच्याकडे वळले असतील. इतकी साधी गोष्ट आहे. कृपा करून तिचा तमाशा करू नकोस, आणि डीकन पर्सेलपुढे तर मुळीच नको.

परवा मला रेव्हरंडांचं खेचर आठवलं, सॅमसन. आपण एलीमला राहायचो तेव्हाचं. रेव्हरंड पाठीवर पेंगत असायचे आणि सॅमसन पहिल्या रविवारी शिलोहला, दुसऱ्या रविवारी आपल्या एलीमला, तिसऱ्याला बेथेलला बरोबर नेऊन उभं करायचा. आई म्हणायची, "पाळक देवाचा, पण रविवार खेचराचे." आता एलीमची माणसं उत्तरेला कारखान्यांत गेली, चर्चला कुलूप लागलं, आणि रेव्हरंडांना मोटार मिळाली. मोटारीला काही पाठ नसतं.

तब्येतीला जप. कोंबडीत मिरी कमी घालत जा, त्यांना बाधते.

तुझी नणंद
आर्लीथा


शिलोह
८ एप्रिल १९५७

आर्लीथा,

ओढ्याला पाणी? अगं, महिनाभर थेंब पडलेला नाही. माझी बदकं चिखल शोधत हिंडतायत. बाप्तिस्म्याच्या दिवशी त्याच ओढ्यात तू साप साप म्हणून ओरडलीस नि ती निघाली होती तुझ्याच परकराची नाडी. तेव्हापासून तुझी नि ओढ्याची गोष्ट मी खरी धरत नाही. टपालवाल्यानं मला सांगितलं, त्या रविवारी बेथेलची मंडळी दुपार होईपर्यंत वाट बघत बसली होती.

पण आता थट्टा नाही करत. काल आमचा रविवार होता, रेव्हरंड बरोबर आले. उपदेश बरोबर, प्रभुभोजन बरोबर, म्हाताऱ्या जेसीच्या अंथरुणाशी जाऊन प्रार्थनाही केली. मग माझ्याकडे जेवायला बसले, मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "एनॉक कुठंय? त्याच्याशिवाय कसं सुरू करायचं?"

मी म्हटलं, "ते पुढं गेले, रेव्हरंड."

"तो नेहमीच घाई करतो," म्हणाले, आणि भाकरी मोडली.

मी हसले. मग आत गेले नि कांदा चिरत बसले. कांदा लागणार नव्हता कशाला.

किती दिवसांपासून माहीत आहे तुला?

ऐक आता. डीकन पर्सेल जूनमध्ये मंडळीची सभा घेणार. रेव्हरंडांना काढायचं नि शहरातून शिकलेला तरुण पाळक आणायचा, असं त्याच्या मनात आहे. मी त्याला शिव्या घातल्या असत्या, पण जानेवारीत त्याच्या बायकोला, वेल्माला, पुरलं तेव्हा मी तिथंच होते. रेव्हरंड शवपेटीशी उभे राहून सारा वेळ बोलले ते "कोरीन" म्हणून. स्वतःच्या मेलेल्या बायकोचं नाव! वेल्माचं एकदाही नाही. पर्सेल तसाच उभा राहिला, हॅट मुठीत चुरगाळून. तेव्हा आम्हाला वाटलं, म्हाताऱ्याला दुःख झालंय, जीभ घसरली. जीभ नव्हती घसरत, होय ना?

त्यांना काढलं तर डेट्रॉइटची लेक त्यांना घेऊन जाईल. नेओमी चांगली आहे, पण तिथं तिसऱ्या मजल्यावर ते उपदेश कुणाला करणार? जिन्याला? आणि जायचंच असेल एक दिवस, तर हात धरून काढलेले जाऊ नयेत. आपले बाप्तिस्मे, आपली लग्नं, आपली मढी, सगळं त्या माणसानं केलं आहे.

तर असं ठरवलं. ते ज्या रविवारी येतील तो आमचा रविवार. घंटा नाही वाजवायची, नाहीतर पर्सेल पुन्हा फावडं घेऊन येईल. मी माझी लाल-पिवळी गोधडी दोरीवर टाकणार. प्रभूच्या दिवशी दोरीवर कपडा म्हणजे साऱ्या शेतांतून लोक बघणार, या बाईनं लाज सोडली म्हणून. बघितलं की समजायचं, रेव्हरंड आलेत, हात धुवा नि या. पर्सेल सोडून सगळ्यांना सांगून ठेवलंय.

तुझी बाजू तू सांभाळ.

ओझेला


बेथेल
१५ एप्रिल १९५७

ओझेला,

नाताळापासून. एका गुरुवारी ते कोट घालून आमच्या दारात उभे राहिले. मी जेवू घातलं, "उपदेश छान झाला" म्हणून सांगितलं आणि परत पाठवलं. उपदेश झालाच नव्हता. ते खुशीत गेले.

तुला सांगितलं नाही, कारण तुझ्या तोंडाला देवानं झाकण द्यायचं राहून गेलं असं मला वाटायचं. क्षमा कर.

आमच्याकडे असं ठरलं आहे, ते आले नाहीत तर आमचा डीकन स्तोत्र वाचेल आणि सांगेल, पाळक आजारी मंडळीच्या भेटीला गेलेत. हे खोटं नाही. शिलोहची मंडळी किती वर्षांची आजारी आहे.

मेअखेर मला मोबीलला जायला लागेल. धाकटीचं बाळंतपण आहे. तोवर सगळं नीट राहो.

आर्लीथा


शिलोह
१४ मे १९५७

आर्लीथा,

गोधडीचं काम झकास चाललं होतं. दोनदा टाकली, दोनदा चर्च भरलं. पर्सेल मात्र कुंपणाशी येऊन उभा. "भगिनी, प्रभूच्या दिवशी धुणं?"

"धुणं नाही डीकन, हिला वारा देते. म्हातारी झाली की वारा लागतो, गोधडीलाही नि बायकांनाही."

तो मान डोलावून चर्चमध्ये गेला. मला वाटलं फसला. कसला फसतोय! चर्चमध्ये माणसं बघून त्यानं ओळखलं होतं सगळं, नुसता मनात साठवत होता.

आता परवाचं ऐक. दुसरा रविवार, कुणाचाच नाही. संध्याकाळी पर्सेल माझ्या ओट्यावर आला, हॅट हातात. बसा म्हटलं तर बसेना. मग बसला तर उठेना.

त्याची डुकरीण सुटली होती. ती शोधत तो थेट आपल्या एलीमला गेला. बघतो तर रेव्हरंडांची मोटार गवतात उभी, चर्चचं कुलूप गंजून पडलेलं, दार उघडं. आत गांधीलमाश्यांची घरं, अर्धी बाकं मोडलेली, आणि व्यासपीठावर रेव्हरंड. समोर कोणी नाही.

"ये ब्रदर पर्सेल," म्हणाले, "उशीर झाला तरी ये. आज मंडळी जरा कमी दिसते."

पर्सेल मला म्हणाला, "ओझेला, मला वाटलं, झालं. आता सभेत सांगायला मीच साक्षीदार. हा उपदेश संपला की हात धरून घरी न्यायचं. मध्येच उठून कसं जाणार? आईनं तसं शिकवलं नाही. म्हणून बसलो. आणि अर्ध्यावर ते थांबले नि म्हणाले, 'आज आमेन म्हणायला कोणीच नाही का?' मग काय करणार? म्हटलं आमेन. एकट्यानंच. मग म्हणतच राहिलो."

"आणि डुकरीण?" मी विचारलं. मला राहवतं होय!

"ती दारात येऊन बसली होती," म्हणाला. हसला नाही. मग मीही नाही हसले.

बाहेर पायरीवर आल्यावर पर्सेलनं मनातलं सांगून टाकलं. रागानं नाही म्हणे, पण सांगितलं. "रेव्हरंड, तुम्ही माझ्या वेल्माला कोरीन म्हणून पुरलंत."

रेव्हरंड खाली बसले. बुटांवरची धूळ पुसली. मग म्हणाले, "म्हणजे वेल्माला मी निरोप दिलाच नाही."

आणि म्हणाले, "ब्रदर, मी हल्ली रविवारही चुकतो का?"

पर्सेल म्हणतो, त्याला खोटं बोलवेना, खरंही बोलवेना. त्यानं नुसता त्यांचा हात धरून मोटारीत बसवलं, नि स्वतः चालवत घरी सोडलं. डुकरीण मागच्या सीटवर.

मग माझ्या ओट्यावर बसून मला विचारतो, "सभा घ्यायची होती मला. आता काय करू?"

मी म्हटलं, "घ्या ना सभा. जूनच्या दुसऱ्या रविवारी घ्या. पण एलीमला घ्या. दोन्ही मंडळ्या बोलवा, उत्तरेला गेलेल्यांना कळवा. आणि रेव्हरंडांना सांगा, वेल्माचा अंत्यविधीचा उपदेश राहिलाय, तो द्या."

तो म्हणाला, "पाच महिन्यांनी?"

"पूर्वी रस्ते वाईट असले की पाळक सवडीनंच पोचायचे ना? मढं आधी पुरायचं, उपदेश पीक निघाल्यावर. समजा, आत्ताही रस्ता वाईट होता."

आर्लीथा, तो रडला गं. एवढा मोठा माणूस. मी त्याला पुडिंग दिलं.

ओझेला


मोबील
३० मे १९५७

वहिनी,

मुलगी झाली. तिच्या बापासारखी दिसते, पण अजून बदलेल.

मला एलीमला यायला मिळणार नाही. इतकी वर्षं ते चर्च झाडायला माझी पाळी असायची, आणि शेवटच्या दिवशी मी नसणार. खिडकीखालचं तिसरं बाक आमचं होतं. त्याच्या पाठीवर एनॉकदादानं चाकूनं बेडूक कोरला होता. आहे का बघ.

आणि ते अडकले तर? सगळ्यांदेखत पुन्हा नाव चुकलं तर? मला झोप येत नाही.

माझ्या वाटचं आमेन तू म्हण. थट्टा न करता म्हण.

आर्लीथा


शिलोह
१० जून १९५७

आर्लीथा,

बेडूक आहे. त्याच बाकावर बसले होते. एनॉकनं त्याला दात काढलेत, हे तू मला कधी सांगितलं नाहीस. बेडकाला दात! अशा माणसाशी मी लग्न केलं.

आदल्या आठवड्यात आम्ही एलीम झाडून काढलं, बाकं ठोकली. गांधीलमाश्यांना रूफसनं धूर दिला, त्यांनी रूफसला सुजवलं. काल सकाळी गाड्याच गाड्या. बेथेलचे सगळे, शिलोहचे सगळे, डेट्रॉइटचे हॅटवाले, आणि नेओमी नवऱ्याला घेऊन. चिंचोळ्या वाटेनं बायका टोपल्या घेऊन येताना बघितल्या नि मला वाटलं, आत्ता कोपऱ्यावरून सॅमसन येईल, पाठीवर पेंगणारे रेव्हरंड घेऊन.

रेव्हरंड उभे राहिले. कोट मीच इस्त्री केलेला. पर्सेलला त्यांनी अगदी पुढ्यात बसवलं आणि साऱ्यांसमोर म्हणाले, "ब्रदर, मी म्हातारा झालो. वाटेत कुठं चुकलो तर तू मला काही सांगू नकोस. नुसतं तिचं नाव घे."

आणि सुरू केलं. वेल्मा बारा वर्षांची असताना चर्चच्या छपरावर चढून कबूतर धरायला गेली होती, ते सांगितलं. तिची मूठ बंद असायची, पण आजाऱ्याच्या दारात आधी तिचंच भांडं पोचायचं, ते सांगितलं. सगळं बरोबर, बाई. काल घडल्यासारखं. मग एका जागी थांबले. डोळे असे लांब गेले. ओठ हलले. मला दिसलं, 'को' वर आलेत. माझ्या बाकाची फळी मी नखांनी धरली.

पर्सेल हळूच म्हणाला, "वेल्मा."

"वेल्मा!" रेव्हरंड म्हणाले, आणि पुढं चालले.

पुन्हा अडले. या वेळी पर्सेलबरोबर रूफसही म्हणाला. मग माझ्या मागच्या बायका. मग आर्लीथा, ते अडोत न अडोत, जिथं आमेन म्हणायचं तिथं सगळं चर्च वेल्मा म्हणायला लागलं. त्यांनी एक वाक्य म्हणायचं, आम्ही वेल्मा. खिडक्यांच्या काचा नाहीत, ते शेतापलीकडे ऐकू गेलं असणार. पर्सेल उभा राहून, हात वर करून म्हणत होता. तुझ्या वाटचं मी दोनदा म्हटलं. थट्टा न करता.

शेवटी रेव्हरंडांनी बायबल मिटलं. म्हणाले, "आता तिला निरोप पोचला." मग, "आणि मलाही घरी जायला हरकत नाही. ब्रदर पर्सेल, तुमची सभा घ्या. तरुण माणूस बोलवा. पण त्याला सांगा, आधी जेवायचं ओझेलाकडे."

सभेत कोणाला बोलायलाच उरलं नाही. जेवायला बसलो.

तुझी
ओझेला


मोबील
२२ जून १९५७

वहिनी,

पत्र वाचून धाकटी विचारते, आई का रडते आहेस? मी म्हटलं, तुझ्या मामीनं कांदा पाठवला आहे.

ते जातील तेव्हा मी तिथं नसेन. कसे गेले ते कळव. सगळं कळव, मला चालेल.

आर्लीथा


शिलोह
५ ऑगस्ट १९५७

आर्लीथा,

रेव्हरंड डेट्रॉइटला गेले, जूनच्या शेवटीच. नेओमीचा नवरा मोटार घेऊन आला होता. वाटेत खायला मी कोंबडी बांधून दिली, मिरी कमी घालून, तुझ्या नावानं. मोटारीत बसले, काच खाली केली आणि मला जवळ बोलावलं.

"भगिनी, तुझी ती लाल-पिवळी गोधडी."

"तिचं काय, रेव्हरंड?"

"ती दोरीवर दिसली की मला कळायचं, आज मी रविवार चुकलो. मग मी ठरवायचो, चुकीच्या दिवशी हाक मारून या माणसांना शेतावरून बोलावलं आहे, तर आज जरा जास्त जीव तोडून सांगू."

मी तोंड उघडून उभी. माझं तोंड उघडं नि आत शब्द नाही, हे तू बघायला हवं होतंस. तेवढ्यात मोटार गेली.

नवा पाळक आला आहे. गोरागोमटा नाही, पण नीटनेटका. घड्याळ बघून बोलतो. पहिल्या रविवारी येतो, बरोबर पहिल्याच रविवारी येतो. माझ्याकडे जेवतो, पालेभाजी एकदाच घेतो. कधी चुकत नाही. पण चुकत नाही, म्हणून कधी अचानक येतही नाही.

गेल्या महिन्यातल्या एका मधल्या रविवारी मी राख टाकायला बाहेर आले. चर्चच्या पायरीवर कोणी नव्हतं. काय वाटलं कोण जाणे, आत गेले, गोधडी काढली आणि टाकली दोरीवर.

आले गं सगळे. हात पुसत, बटणं लावत. रूफसनं दाढी मात्र पुरी केली होती. पर्सेल सर्वांत पुढं, धापा टाकत. रिकाम्या पायरीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"भगिनी ओझेला, आलंय कोण?"

मी म्हटलं, "तुम्ही आलात की."

त्यानं हॅट काढली. मग त्यानं दार उघडलं, आणि आम्ही आत जाऊन गायला बसलो.

तुझी वहिनी
ओझेला